हळूभाऊंचे दोन शब्द

‘‘हळूभाऊ, मागे काही ऐकू येत नाहीये.’’

तालमीच्या हॉलमध्ये हशा पिकला. पिकायचाच. दर सभेत कुणीतरी हे वाक्य टाकतं आणि दर सभेत आम्ही पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसतो. नटांची जात, दुसरं काय.

हळूभाऊ आमच्या कलाकार संघटनेचे सेक्रेटरी आणि नाटकाचे प्रॉम्प्टर. जन्मभर विंगेत उभं राहून कुजबुजत आलेला माणूस, त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जाणार कसा? असला पुढारी निवडणारे आपणच वेडे, असं मी दर निवडणुकीत म्हणते आणि मत त्यांनाच देते. त्यांच्याआधी घसा फोडून ओरडणारे पुढारी होऊन गेले. ते ओरडले की नाटक कंपनीचे मालक दुप्पट ओरडायचे. हळूभाऊ बोलायला लागले की मालकांना खुर्ची पुढे ओढून कान द्यावा लागायचा. निम्मं काम तिथेच होऊन जायचं.

त्या दुपारी ते नवा करार समजावून सांगत होते. आठवड्याला एक सुट्टी मिळणार. तालमीच्या दिवसांचाही पगार मिळणार. विचारल्याशिवाय कुणाचा आवाज यंत्रात भरून वापरायचा नाही. तालमीत कुणाला लागलं, तर बरं होईपर्यंत कंपनी सांभाळणार आणि भूमिका त्याचीच राहणार. हे ऐकताना सगळ्यांच्या नजरा पुढच्या रांगेतल्या नाचणाऱ्या पोरीकडे गेल्या. तालमीत जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता. प्लास्टर घातलेला तो पाय तिने दुसऱ्या खुर्चीवर ठेवला होता. कंपनीने तिला केव्हाच घरी बसवलं होतं. या कराराने ती परत येणार होती. तिची आई शेजारी बसली होती, हातातल्या रुमालाचा पार बोळा करून.

मग हळूभाऊ थांबले.

हॉल शांत झाला. आमच्यात एक शिस्त आहे. समोरच्याने विराम घेतला, तर तो मोडायचा नाही. सगळ्यांना वाटलं, भाऊ आज विराम घेऊन बोलताहेत, वा. पण मला त्यांनीच कधीतरी शिकवलं होतं, की विराम घेणाऱ्याचे डोळे समोरच असतात. विसरलेल्याचे छताकडे जातात. हळूभाऊ छताकडे बघत होते.

माझ्या पहिल्याच प्रयोगात मी अशीच छताकडे बघत उभी होते. समोर भरलेलं थिएटर, पायाखाली जमीन नाही. आणि विंगेतून दोनच शब्द आले, फक्त माझ्यापुरते. सगळं वाक्य कधी द्यायचे नाहीत ते. म्हणायचे, ‘‘सगळं दिलं तर नट आळसावतो. दोन शब्द दिले तर त्याची अब्रू त्याच्याकडेच राहते.’’ ते दोन शब्द धरून मी त्या रात्री तरले, आणि पुढे किती रात्री तरले ते देव जाणे. त्यांचा शब्द आला आणि मी उचलला नाही, असं कधी झालं नाही. नवऱ्याचंसुद्धा इतकं ऐकलं नाही मी.

भाऊ कुठे अडलेत ते मला ठाऊक होतं. थिएटरच्या मॅनेजरने सकाळी मेकअपच्या खोलीत, गोड बातमी द्यावी तसं, करारातलं शेवटचं कलम सांगितलं होतं मला. मला वाटलं, भाऊ ते कलम गिळून टाकतील आणि आपल्याला सभेत उठून भांडावं लागेल. पण ते गिळत नव्हते. त्यांच्या तोंडून ते निघत नव्हतं, एवढंच.

शेवटी मीच हळूच म्हटलं, ‘‘प्रॉम्प्टरची जागा.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कसं सांगू, आभार मानल्यासारखं पाहिलं.

‘‘प्रॉम्प्टरची जागा,’’ ते म्हणाले, ‘‘नव्या नाटकापासून राहणार नाही. नटांच्या कानात घालायचं यंत्र येणार आहे, शब्द तेच सांगेल. हरभऱ्याएवढं.’’

मग जो गलका झाला! नवा हिरो, एरवी आरशापलीकडे कुणाचा विचार न करणारा, तो उठून म्हणाला, असला करार गेला खड्ड्यात. लाइटवाल्याने खुर्ची आपटली. कुणीतरी जुन्या संपाची आठवण काढली. संपाच्या शेवटी मालक सगळ्यांना परत घ्यायला तयार झाले होते, एका कपडेवाल्या मावशींना सोडून. सगळ्यांचे हात वर गेले होते, मावशींचा तेवढा खाली. हळूभाऊंनी तो एक हात पाहिला आणि उलट पावली मालकांकडे गेले. तेव्हापासूनची आमची रीत त्यांनीच घालून दिलेली: एक हात खाली, तर करार खाली. मावशी पुढे म्हाताऱ्या होईस्तोवर आमच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या, आम्हाला शिव्या घालत.

गलका ओसरेपर्यंत हळूभाऊ उभे राहिले.

‘‘मावशींशिवाय त्यांचा पडदा उघडत नव्हता,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्याशिवाय उघडतो. मालक पलीकडच्या खोलीत बसलेत. त्यांना आज होय किंवा नाही हवंय. नाही म्हणालात तर ही पोर घरी बसेल. मी तसाही बसणारच आहे.’’

मघाचा हिरो खाली बसून डोळे पुसत होता, आणि या वेळी तो अभिनय नव्हता.

‘‘करार मान्य असेल त्यांनी हात वर करा,’’ हळूभाऊ म्हणाले आणि सगळ्यात आधी स्वतःचा हात वर केला. मग लाइटवाल्याचा गेला. मग हिरोचा. जड हातांनी, एकेक करत हॉलभर हात वर गेले. त्या पोरीच्या आईने मुलीकडे बघितलं आणि मग खाली मान घातली.

माझा हात मांडीवर होता. मी तो तिथेच दाबून धरला होता. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला ना पोर दिसत होती, ना तिचा पाय. विंगेत हा माणूस नसेल तर मी कुणाच्या भरवशावर स्टेजवर जाऊ, एवढंच मनात होतं. एक हात खाली, तर करार खाली. त्यांचीच रीत. बघू देत.

सगळे माझ्याकडे वळून पाहायला लागले. मी समोर बघत राहिले.

हळूभाऊ टेबलामागून आले आणि माझ्या खुर्चीच्या जरा बाजूला उभे राहिले, विंगेत उभे राहायचे तसे, अंग चोरून. ओठ हलले नाहीत. आवाज फक्त माझ्यापुरता आला.

‘‘हात वर.’’

आणि गेला की हो हात वर. मी नेलाच नाही. इतक्या वर्षांची सवय.

‘‘एकमताने,’’ हळूभाऊ हॉलकडे वळून म्हणाले.

मागे काही ऐकू येत नाहीये, असं या वेळी कुणी म्हणालं नाही.