पेरूच्या झाडावरची सीडी

बाकांवर नंबराची वाट बघणाऱ्या मित्रांनो, मी सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसला तर माझा तुमच्यावरचा उडेल. मी एक जुना सीडी ड्राइव्ह आहे. सदाशिव पेठेत डॉक्टर आम्रपालींच्या दवाखान्यात, कॉम्प्युटरच्या पोटात राहतो. तरुणपणी मी सीडी एवढ्या जोरात फिरवायचो, की आख्खा कॉम्प्युटर टेबलावरून उठून स्वारगेटपर्यंत जाऊन यायचा. पुढे पेनड्राइव्ह आले आणि माझ्या तोंडावर धूळ बसली. नव्या कॉम्प्युटरात तर माझ्यासाठी जागाच ठेवत नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात लोणी काळभोरच्या सुंदराबाई आल्या. सोबत मुलगा संभाजी. बाईंच्या फुप्फुसात ठिपका दिसला होता. तो पूर्वीएवढाच असेल तर हात लावायचा नव्हता. वाढला असेल तर ऑपरेशन. ठरवायला जुन्या स्कॅनची सीडी हवी होती, आणि स्कॅन काढणारं सेंटर कधीच बंद पडलेलं.

संभाजीने पिशवीतून सीडी काढली. मधल्या भोकात सुतळी.

"ही कुठे होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेरूच्या झाडाला, म्याडम. राघू लय येतात. चकाकलं की पळतात."

"छान. पेरू वाचले. आता आईंचं बघू."

संभाजी ओशाळून रुमालाने सीडी गोल गोल पुसू लागला.

"अहो, ताट नाही ते. मधून कडेकडे, सरळ पुसा."

का, ते सांगतो. सीडीवर माहिती वेटोळ्यात लिहिलेली असते. मी तिच्यावर लेसरचा किरण टाकतो. कोऱ्या जागेवरून तो लख्ख परत येतो, लिहिताना डाग पाडलाय तिथून मंद. त्या लख्ख-मंद उजेडावरून मी वाचतो. उभा ओरखडा ओळीतलं एखादंच अक्षर खातो. गोल ओरखडा ओळच्या ओळ गिळतो.

ट्रे आत गेला. माझं भिंग वरखाली होत नेम धरू लागलं. टक्. टक्. पडद्यावर आलं, 'डिस्क टाका'.

"टाकलीय की," संभाजी पुटपुटला.

पुन्हा तेच. सुंदराबाई बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन नुसती फिरवत होत्या.

"शेवटचं बघते," डॉक्टर म्हणाल्या. "नाहीतर ऑपरेशनची तारीख घेऊ."

आता मी वेग कमी केला. उन्हाने, चोचींनी कड पार गेली होती. पण मित्रांनो, सीडी आतून बाहेर लिहितात. कड कोरीच होती. आत अक्षरं पुसली होती, तिथे अशाच वेळेसाठी लिहून ठेवलेले जादा आकडे होते. त्यांवरून हिशेब करत मी एकेक तुकडा जुळवला. मध्येच अडलो. मग चित्र उमटलं.

डॉक्टरांनी जुना ठिपका नव्याशेजारी लावून मोजला. परत मोजला.

"तेवढाच आहे. आजी, घरी जा."

सुंदराबाईंनी सीडी परत घ्यायला हात पुढे केला.

मग मी राजासारखा ट्रे बाहेर सरकवला. बाईंनी मला हार घातला, पेढा भरवला. म्हणून सांगतो मित्रांनो, सीडी कडेला धरा, उन्हात टांगू नका, आणि आमच्यासारख्या जुन्यांचा मान...

"कसला हार?" मागच्या बाकावरून आवाज आला. यंदाच्या तपासणीला आलेल्या सुंदराबाई. "त्याचं तोंडच उघडंना. बांगडीतली पिन काढून तोंडाखालच्या बारक्या भोकात खुपसली मी, तवा ओकली त्यानं."