मौनाच्या आठवड्यातला फोन

मी एक जुना, काळा, तबकडीचा फोन आहे. मित्रांनो, जरा हळू बोला, माझे कान किटले आहेत. आयुष्यभर मी महागाई, व्याजदर आणि पुन्हा महागाई एवढेच ऐकत आलो.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या कामगार बाईंनी माझी घंटी वाजवून पाहिली आणि "आहे खणखणीत" म्हणत मला खोक्यात भरले. मी प्रोफेसरांच्या घरी आलो तेव्हा त्यांच्याकडे कोट एकच होता आणि विद्यापीठात त्यांना कुणी विचारत नव्हते. बाजारात माल तेवढाच राहिला आणि लोकांच्या हातातला पैसा भरमसाठ वाढला, की भाव चढणारच, असे ते जीव तोडून सांगत. सहकारी ते हसण्यावारी नेत. फक्त त्यांची मोठी बहीण रोज संध्याकाळी फोन करून विचारी, "आज तरी कुणी ऐकलं का रे तुझं?" ताईंची छोटीशी बेकरी होती. तिच्याच कमाईवर प्रोफेसर शिकले होते.

मग भाव खरोखरच गगनाला भिडले, आणि हसणारेच मला उठल्यासुटल्या वाजवू लागले. प्रोफेसर देशाच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. व्याजदर ठरवायच्या बैठकीआधी आठवडाभर त्याविषयी घरीदारी अवाक्षर काढायचे नाही, असा तिथला नियम होता. त्यांनी नुसते "हं" म्हटले तरी बाजार खालीवर होई. म्हणून त्या आठवड्यात ते तोंडात मिठाची गुळणी धरून बसत. पत्रकार फोन करून थकत आणि मी वाजून वाजून.

अशाच एका आठवड्यात ताईंचा फोन आला.

"अरे, नवी भट्टी घ्यावी म्हणते. कर्ज आत्ता काढू की थांबू? घेतलेल्या कर्जाचंही व्याज पुढे वाढू शकतं म्हणे."

व्याज झपाट्याने चढणार, हे प्रोफेसरांना पक्के ठाऊक होते.

"ताई, तुझा गुडघा कसा आहे?" ते म्हणाले.

"गुडघा गेला खड्ड्यात. सांग ना!"

"या विषयावर मला नाही बोलता येत."

"बरं बाबा, मोठा माणूस तू! काळजीचं असतं तर सांगितलंच असतंस." ताई हसल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दर चढले, हळूहळू महागाई उतरली. लोकांनी प्रोफेसरांना डोक्यावर घेतले. सत्कार झाले, पदके आली, त्यांच्या पुस्तकाचे धडे विद्यार्थी पाठ करू लागले. त्याच सुमारास भट्टीसाठी काढलेल्या कर्जाचे वाढलेले हप्ते झेपेनात म्हणून ताईंची बेकरी बंद पडली. त्यानंतर त्यांनी एकदाच फोन केला.

"तुला माहीत होतं?"

"हो."

पलीकडून रिसीव्हर आपटल्याचा आवाज आला. प्रोफेसर नियमाला जागले होते, हे मलाही कळते. पण पुढे कित्येक वर्षे संध्याकाळी मी वाजलो की ते धावत येत, आणि भलताच आवाज ऐकून त्यांचा चेहरा पडे. माणसाला रोज असे निराश करण्याचा फार शीण येतो, मित्रांनो.

ते निवृत्त झाले. नव्या दमाचे तज्ज्ञ त्यांचा सिद्धांत जुनाट ठरवू लागले. घरात मोबाइल आले. जावई म्हणाले, "हा डबा काढून टाका आता." प्रोफेसर एवढेच म्हणाले, "राहू दे. ताईला हाच नंबर माहीत आहे." मी धूळ खात कोपऱ्यात पडून राहिलो.

शेवटी एका दुपारी त्यांनीच माझी तबकडी फिरवली.

"ताई, मी बोलतोय. आता माझ्यावर कसलंच बंधन नाही. विचार काय हवं ते."

"कोण आहे? मोठ्यानं बोला. ऐकू येत नाही मला."

"मी, तुझा भाऊ!" ज्यांचा एकेक शब्द टिपायला सारा देश टपलेला असे, ते घसा फोडून ओरडत होते. "थांब म्हणायला हवं होतं गं मी तुला!"

पलीकडे ताईंनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"काय म्हणतोस, काही कळत नाही रे. पण आवाज तुझाच आहे. ठेवू नकोस. बोलत राहा."

ते बोलत राहिले. मी दमलो होतो, पण लाइन तुटू दिली नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अधूनमधून पुसत जा. तबकडीत धूळ साचली की नंबर चुकतो. आणि तुमच्या घरचेही कुणी रुसून दूर बसले असेल, तर त्यांना ऐकू येते आहे तोवर फोन करा.