गालमेदोच्या पायवाटेवर दोन जावा

पिलसून जाऊबाईंच्या दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघून महिना झाला, त्या सकाळी त्या डोक्याला जांभळा रुमाल बांधून माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगंबाई ओकबून! तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुम्हाला दिसत नव्हतं तेव्हा," मी म्हटलं. "आरशात बघितलंत का स्वतःला?"

"बघितलं. म्हणून तर इकडे आले. म्हटलं, एकटीनं कशाला रडायचं?"

आम्ही दोघी एका घरात दिलेल्या. त्या थोरल्या, मी धाकटी. सासू गेली, सासरा गेला, मग दोघींचे नवरे तीन वर्षांच्या अंतरानं गेले. उरलो आम्ही. हिवाळाभर बंदरावरच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहून कालवं फोडायची आणि दिवसभर एकमेकींच्या चुका काढायच्या, हाच आमचा संसार. मोतीबिंदूचं कळलं तेव्हा जाऊबाई सगळ्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, "चाळीस वर्षं कालवं फोडली, एक मोती निघाला नाही. निघाले ते माझ्याच डोळ्यांतून, दोन!"

बुसानच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचा हात मीच धरून बसले होते. "काही नसतं हो जाऊबाई, मुंगी चावल्यासारखं," असं मी शंभरदा सांगितलं. मुंगीसुद्धा कधी डोळ्याला चावत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही ते बरं.

तर त्या सकाळी दारात उभं राहून त्या म्हणाल्या, "चल. गालमेदोला जायचंय."

"बेटावर? आत्ता? कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"जे असेल ते! दहा वर्षं मला सगळं जग तांदळाच्या पेजेत बुडवल्यासारखं दिसत होतं. आता दिसतंय तर मी कालवंच बघत बसू का?"

मी समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात भात भरून किंबापच्या गुंडाळ्या केल्या, अंडी उकडली, छोटी संत्री घेतली. नऊची बोट पकडली. गालमेदोला पोचायला सव्वा तास लागतो आणि बोट दिवसातून एकदाच जाते, एकदाच येते. बोटीत आम्ही दोघी आणि देगूहून आलेलं निवृत्त शिक्षकांचं गिर्यारोहण मंडळ, अकरा जणांचं. त्यांच्या अंगावर लाल-जांभळी जाकिटं, हातात दोन दोन काठ्या, गळ्यात दुर्बिणी, पायात हिमालय चढायचे बूट. बेटावरची पायवाट सगळी मिळून पावणेदोन किलोमीटर.

"हे लोक कुठं निघालेत गं?" जाऊबाईंनी मला विचारलं, चांगलं मोठ्यानं.

"आपण निघालोय तिथंच."

"मग काठ्या कशाला? कुत्री आहेत का तिकडे?"

मंडळाचे अध्यक्ष मा आडनावाचे होते, पासष्टीचे, उंचेपुरे. ते हसत वळले आणि अदबीनं म्हणाले, "आजी, गुडघ्यांसाठी आहेत या."

"आजी कुणाला म्हणता? डोळे तपासून घ्या. मी पत्ता देते."

बेटावर उतरलो. धक्क्यापासून वीस पावलांवर दोनशे पायऱ्यांनी पायवाट सुरू होते. मंडळानं आधी गोल करून व्यायाम केला, कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे. आम्ही पुढे निघालो. आणि तिथून पुढे मला माझ्या जाऊबाई ओळखू येईनात.

पायवाटेवर झाडांच्या नावांच्या पाट्या लावल्या आहेत. जाऊबाई प्रत्येक पाटीपुढे थांबून ती मोठ्यानं वाचायच्या आणि मग झाडाकडे असं बघायच्या, जणू शाळेत हजेरी चाललीय. "तू का तो? बरं बरं. उभा राहा." एका दगडावर शेवाळ होतं. त्या खाली बसल्या आणि नाक टेकेल इतक्या जवळून बघायला लागल्या. "ओकबून, याला केस आहेत! बारीक बारीक केस! तुझ्या नवऱ्यापेक्षा जास्त!"

"मेलेल्या माणसाला तरी सोडा."

"त्याला काय वाटायचंय? जिवंतपणी तरी कुठं होते?"

मग कॅमेलियाचं रान लागलं. मार्चचा शेवट होता, फुलं अख्खीच्या अख्खी देठापासून सुटून खाली पडली होती. वाट लाल झाली होती. आता जाऊबाई पाऊल टाकेनात. "यांच्यावर पाय कसा द्यायचा?" म्हणून त्या फुलं चुकवत, एका पायावर, मग दुसऱ्या पायावर, लंगडी घालत चालल्या. वय वर्षं चौऱ्याहत्तर. मी मागून ओरडतेय, "पडाल! हाडं मोडाल! बोटीवर डॉक्टर नाही!" आणि मीही लंगडीच घालतेय, कारण त्या वळून वळून बघत होत्या मी फुलावर पाय देते की काय ते.

वरच्या फांदीवर एक हिरवा चिमुकला पक्षी आला. फुलात चोच घालून मध प्यायला लागला. डोळ्याभोवती पांढरं कडं. चष्मेवाला.

"बघ, बघ!" जाऊबाई माझा दंड पिळत कुजबुजल्या. "हा अजून चष्मा लावून फिरतोय! अरे बाबा, ऑपरेशन करून घे, काही नसतं, मुंगी चावल्यासारखं!"

तिथं मला पहिल्यांदा हसू फुटलं. तोंडावर हात धरला तर नाकातून आलं. पक्षी उडाला.

शेवटी लाकडी पायऱ्या चढून आम्ही कड्यावरच्या सज्ज्यावर पोचलो. खाली तिन्ही बाजूंनी समुद्र. वारा असा की माझी टोपी पाठीवर गेली आणि केस उभे राहिले. बाकावर बसून डबा उघडला. जाऊबाईंनी किंबापची एक गुंडाळी उचलली, तोंडाशी नेली आणि थांबल्या. माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या.

"भुवईपाशी काय झालंय तुझ्या?"

"काही नाही. जुनी खूण आहे."

"कसली?"

"विहिरीपाशी घसरले होते ना मी, सोलला ऑलिंपिक झालं त्या हिवाळ्यात."

"ते मला माहितेय. पण घसरल्याची खूण अशी नसते. ही तर वाकडी आहे. अर्ध्या चंद्रासारखी." त्यांनी बोट पुढे करून ती खूण चाचपली. "ओकबून. खरं सांग."

छत्तीस वर्षं मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी काय झालं कोण जाणे. वारा असेल, लंगडी असेल. मी म्हटलं, "तुमची पळी."

"माझी पळी?"

"मांजरानं वाळत घातलेला मासा पळवला. तुम्ही स्वयंपाकघरातून पळी भिरकावलीत. मी दारातून आत येत होते. तुम्ही मांजरामागं मागच्या अंगणात पळालात, तुम्हाला दिसलंच नाही. मी डोकं धुतलं आणि म्हटलं, घसरले."

जाऊबाईंचं तोंड उघडंच राहिलं. हातातला घास हातात. मला वाटलं, आता रडणार. उगाच बोलले.

"म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "मांजराला लागलीच नव्हती?"

"नाही."

"अगं, छत्तीस वर्षं मी साऱ्या गल्लीला सांगतेय की माझा नेम अचूक आहे! की एका फटक्यात मांजर कायमचं गेलं!"

"ते शेजारच्या घरी राहायला गेलं होतं. दहा वर्षं जगलं."

त्यांनी एक क्षण समुद्राकडे बघितलं. मग त्यांच्या पोटातून एक आवाज आला, भरलेल्या घागरीचा येतो तसा. मग खांदे हलले. मग त्या माझ्याकडे बघून एवढंच म्हणू शकल्या, "दुखलं का गं?"

"आत्ता विचारताय?"

आणि मग संपलं. आम्ही दोघी अशा हसायला लागलो की आवाजच निघेना. जाऊबाई बाकावरून घसरून खाली फळीवर बसल्या. मी त्यांना उठवायला गेले आणि त्यांच्यावरच पडले. अंडी गडगडत गेली. त्या "मांजर" म्हणायच्या आणि मी मरायची, मी "नेम" म्हणायची आणि त्या मरायच्या. डोळ्यांतून पाणी, पोटात कळ, श्वास नाही.

नेमकं तेव्हाच गिर्यारोहण मंडळ वर पोचलं. दोन म्हाताऱ्या फळीवर आडव्या, तोंडं वाकडी, हातपाय थरथरताहेत.

"अध्यक्ष!" एक बाई किंचाळल्या. "दोघींना एकदम झटका आलाय!"

अध्यक्ष मांनी पाठीवरची पिशवी फेकली, शिट्टी काढून जीव खाऊन वाजवली. का, ते त्यांनाच माहीत. तिथं ऐकायला होतं कोण? दुसऱ्या गुरुजींनी तटरक्षक दलाला लावायला फोन काढला. तिसरे जाऊबाईंचे बूट काढायला लागले. जाऊबाई हसता हसता हात हलवत होत्या, "नको, नको," पण शब्द फुटेना, आणि त्या हात हलवण्यानं मंडळ आणखीच घाबरलं.

"बोलता येतंय का? तुमचं नाव सांगा!" अध्यक्ष मा गुडघ्यावर बसून ओरडले.

जाऊबाईंनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बोट केलं. तोंडावरचं हसू एकदम थांबलं. "तिकडे," त्या म्हणाल्या. "तिकडे, तिकडे! सांग्वेंगी!"

सगळे वळले. सांग्वेंगी म्हणजे डॉल्फिनची बुटकी बहीण, पाठीवर पंख नाही, तोंड कायम हसरं. आमच्या समुद्रात आहेत, पण आयुष्यात चार वेळा दिसल्या तर नशीब. अकरा दुर्बिणी वर गेल्या.

"कुठं? कुठं?"

"ती काळी खडपं बघा. त्यांच्या डावीकडे. पाण्यावर जिथं चकाकतंय तिथं. एक... दोन... अहो, पिल्लू आहे! पिल्लू आहे बरोबर!" जाऊबाई एका पायात बूट घालून कठड्याला लोंबकळत होत्या. मंडळानं आरोळी ठोकली. कुणी कुणाला मिठी मारली. शिट्टी पुन्हा वाजली, या वेळी आनंदानं.

"ओकबून, बघितलंस? किती गोड आहेत!"

"हो तर," मी म्हटलं. "फार गोड."

"किती आहेत?"

"सहा."

जाऊबाई हळूच माझ्याकडे वळल्या. "तीन आहेत."

मी पाठीवरची टोपी डोक्यावर ओढायला लागले.

त्यांनी माझ्या तोंडासमोर हात धरला. "किती बोटं?"

"हा काय पोरखेळ जाऊबाई, लोक बघताहेत."

"किती?"

मला गुलाबी धुकं दिसत होतं. "चार," मी अंदाजानं म्हटलं.

"मूठ आहे ही, गाढवे!"

मला दोन वर्षांपासून नीट दिसत नव्हतं. पाट्या मला वाचता येत नव्हत्या, चष्मेवाल्याचं कडं मी आठवणीतून बघितलं होतं. मी खाली मान घालून म्हटलं, "मला भीती वाटते. डोळ्यात सुरी घालतात."

"आणि मला काय सांगत होतीस? मुंगी?"

"तुम्ही शूर आहात."

"मी शूर! माझी तर गाळण उडाली होती, तू हात धरलास म्हणून मी पळून गेले नाही." त्यांनी माझा हात हातात घेतला आणि असा दाबला की बोटं कडकडली. मग तसाच धरून दुसऱ्या हातानं फोन काढला. "हॅलो? डोळ्यांचा दवाखाना? मी पिलसून. ओळखलंत ना? आणखी दोन मोती घेऊन येतेय. मंगळवारी? हो. नाही, तिला विचारायची गरज नाही. ती तयार आहे."

मंडळानं टाळ्या वाजवल्या. मला रडूही येईना आणि रागही येईना. डोक्यावरचं ओझं कुणीतरी उचलून समुद्रात टाकल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी आमची अंडी गोळा करून दिली, आम्ही त्यांना किंबाप दिला, त्यांनी माक्कॉली, तांदळाची दारू, काढली. दोन दोन वाट्या झाल्या. परतीच्या वाटेवर जाऊबाईंनी मला हात धरून नेलं आणि काय दिसतंय ते सांगत राहिल्या. पहिल्यांदा खरं सांगितलं, मग माक्कॉली बोलायला लागली. "डावीकडे फर्न. उजवीकडे घोडा."

"इथं कुठला घोडा?"

"तुला काय माहीत? तुला दिसतंय का? वर ढगात तुझा नवरा बसलाय. टक्कल चमकतंय."

"आणि तुमचा?"

"माझा शेजारी झोपलाय. त्याला तिथंही काही काम नाही."

हसत हसत, थांबत थांबत चाललो तोवर खालून बोटीचा भोंगा वाजला. साडेतीन! मंडळ पळायला लागलं, काठ्या खटखटताहेत. आम्ही मागे. धक्का दिसत होता, पण दोनशे पायऱ्या खाली.

"आई गं!" जाऊबाई एकदम मटकन बसल्या. "पाय मुरगळला!"

अध्यक्ष मा पळत परत आले. क्षणभर विचार न करता पाठ करून वाकले. "बसा!"

"लोक काय म्हणतील?"

"बसा हो, बोट सुटेल!"

जाऊबाई बसल्या. लग्नात नवऱ्यानंसुद्धा कुणाच्या देखत त्यांचा हात धरला नव्हता, आणि इथं एका देगूच्या गुरुजीच्या पाठीवर बसून त्या पायऱ्या उतरत होत्या, हात हवेत, ओरडत, "थांबा हो, थांबा! आम्ही आलोच!" माझे हात दोन गुरुजींनी दोन बाजूंनी धरले होते आणि माझे पाय जमिनीला जेमतेम लागत होते. कप्तान पोट धरून हसत होता. त्यानं दोर सोडला नाही.

बोट निघाली. कुणीतरी मोबाइलवर नाचायचं गाणं लावलं आणि अकराच्या अकरा शिक्षक मधल्या जागेत हात हलवत डोलायला लागले. दोन मिनिटांनी मला त्यांच्यात एक जांभळा रुमाल उड्या मारताना दिसला. एवढं मलाही दिसलं.

अध्यक्ष मा नाचता नाचता थांबले. "अहो, तुमचा पाय?"

"कुठला पाय?" जाऊबाई म्हणाल्या आणि त्यांना गरकन फिरवून पुढे गेल्या.