ओनुफ्रीच्या भट्टीपुढे हरलेले हातोडे

"तुमचा विश्वास बसणार नाही, आणि बसलाच तर तुमच्यासारखे मूर्ख तुम्हीच!" म्हाताऱ्या ओनुफ्रीनं पेला टेबलावर आपटला. "तीन हातोडे मोडले माझ्या भट्टीनं. तीन!"

"काल दोन होते," गुत्तेवाली पारास्किवा म्हणाली.

"काल तू बहिरी होतीस."

हशा पिकला. ओनुफ्रीनं आलुबुखाराच्या दारूचा घोट घेतला. नखांत अडकलेली पिवळी माती कुणाला दिसू नये म्हणून दुसरा हात मात्र त्यानं टोपीखालीच ठेवला होता.

गावातल्या घरं ऊबदार ठेवणाऱ्या निम्म्या भट्ट्या त्याच्या हातच्या. पण स्वतःच्या घरातली, हिरव्या झिलईच्या फरशांची, छताला डोकं टेकवणारी ती भट्टी म्हणजे त्याची मिरासच. लग्नाच्या हिवाळ्यात बांधली. नवी नवरी तिच्याच ओट्यावर बसली आणि म्हातारी होऊन गेली तीही तिलाच पाठ टेकून.

"अरे, त्या वर्षी माझ्या धुराड्यावरचा करकोचा आफ्रिकेला गेलाच नाही! म्हणाला, इथं काय वाईट आहे?"

"करकोचा म्हणाला?" शेजारच्या इलारिओननं विचारलं.

"मग काय तू म्हणालास?"

अलीकडे मात्र भट्टी आतून चिरली होती. धूर घरात यायचा, ओनुफ्रीचे डोळे चुरचुरायचे आणि तो म्हणायचा, कांदा कापला. मग इटलीतल्या तुरीनहून पोरीचा फोन आला. ती एवढ्या मोठ्यानं बोलली की अख्ख्या गल्लीनं ऐकलं: "बाबा, बाळाची छाती घरघरते. ती धुरकट भट्टी असेपर्यंत मी तिला घेऊन येणार नाही." ओनुफ्रीनं नातीला अजून फोटोतच पाहिलं होतं.

"मग आला तो घर तापवायचा बॉयलर," ओनुफ्री पुढे सरसावला. "भिंतीवर टांगायचं पांढरं कपाट! भट्टीशेजारी कसं दिसत होतं सांगू? बिशपशेजारी मेणबत्ती धरून उभ्या पोरासारखं. आणि सोबत फिटर. हातोडा घेऊन."

"आणि?"

"पहिल्याच घावाला दांडा मोडला. दुसऱ्या हातोड्याचं डोकं उडालं, खिडकीतून गेलं आणि कोंबडा ठार!"

"कुणाचा कोंबडा?" इलारिओन ताठ बसला.

"तुझा नव्हे, गप्प बस. तिसरा हातोडा उचलला, तर भट्टीनंच असा काही फूत्कार टाकला की लोखंड मेणासारखं वाकलं. फिटरनं हात जोडले. म्हणाला, काका, हिला पाडणारा अजून जन्मायचाय! तेव्हा बॉयलर टांगलाय खुंटीला कोटासारखा, आणि भट्टी आहे तिथे आहे. आजच सकाळी पाठ शेकली."

कुणी हसलं नाही. पारास्किवानं हळूच विचारलं, "आणि नात?"

"येईल की," ओनुफ्री पेल्यात बघत म्हणाला. "भट्टी बघितली की... येईल."

"साफ खोटं बोलताय, काका!"

दारात बूट आपटून बर्फ झाडत सेवेरिन फिटर उभा होता.

"मी हातोडा गाडीतून काढलासुद्धा नाही. तुम्ही मला उंबऱ्यावरच अडवलंत. म्हणालात, जिला मी उभं केलं तिला मीच खाली बसवीन. ओल्या फडक्यानं सांधे भिजवलेत आणि वरपासून एकेक फरशी हातावर उतरवून घेतलीत, झोपलेलं पोर उचलावं तशी. सगळी मातीत बसवलेली, सिमेंटचा कण नाही! मी विचारलं तर म्हणालात, चांगला कारागीर बांधतानाच उतरवायची सोय ठेवतो. एवढ्या घरांत भट्ट्या पाडल्या मी, पण एकही फरशी न तडकता अख्खी भट्टी उतरलेली कुठे बघितली नाही. शेवटची तर काकूंच्या शालीत गुंडाळून पलंगाखाली ठेवलीत. संध्याकाळी बॉयलरच्या पाण्यानं खोल्यांतले रेडिएटर तापले, तेव्हा पोरीला फोन तुम्हीच लावलात, आणि ती रविवारी बाळाला घेऊन निघतेय! अहो काका, खोटं बोलायचंच होतं, तर निदान खऱ्यापेक्षा मोठं तरी बोलायचं!"