कानामागचा लाल डाग

"ब्रश हातात धरून उभा काय राहिलास? लाव की," सोमनाथ आरशातून म्हणाला.

नाशिकरोडला मुक्तिधामच्या मागच्या गल्लीत पुंजाचं सलून. सोमनाथ त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, रेल्वेतून निवृत्त झालेला. उद्या मनमाडला नातीचा साखरपुडा, म्हणून आज डोकं आणि मिशी काळी करायची होती. पण कानामागची कातडी लाल होऊन सोललेली पुंजाला दिसली. मागच्या डायपासून खाजतंय, घामोळं असेल, असं सोमनाथनंच सांगितलं.

डायच्या खोक्यावर एक बारीक सूचना असते. कंपनीला ती कायद्यानं छापावीच लागते: यातल्या रसायनानं काहींना अपाय होतो, आधी थोडंसं लावून दोन दिवस बघा. खोकं फोडलं की पुंजा ते केरात टाकायचा. परवा त्याची सून वेदिका स्वतःसाठी डाय न्यायला आली, तेव्हा तिनं ती मोठ्यानं वाचून दाखवली होती.

पुंजानं ब्रश वाटीत ठेवला. "नाय लावणार. तोंड सुजलं, दम कोंडला तर काय करशील?"

"इतकी वर्षं तूच लावलास ना? आज लय कायदा आठवला."

"तेव्हा अंगावर उठत नव्हतं, सोमा."

सोमनाथ चिडला. कोपऱ्यावरच्या एसी सलूनमध्ये जातो म्हणून उठलासुद्धा. मग गळ्यातल्या टॉवेलसकट पुन्हा खुर्चीत बसला.

"लंकानं मला पांढरा कधी बघितलाच नाय रे."

सोमनाथची बायको लंकाबाई बाजार करून यायची, तेव्हा दुकानात पाऊल टाकत नसे. भाजीची पिशवी घेऊन पायरीवरूनच म्हणायची, "भाऊजी, मिशी बारीक करू नका हां. यांचा सगळा रुबाब तिथंच हे." रेडिओ चालू असायचा, आणि साबण लावलेल्या तोंडानं सोमनाथ लाजायचा. ती वारल्यावरही त्याचा डायचा महिना कधी चुकला नाही.

पुंजानं वाटी मोरीत ओतली. जुना काळा रंग राहिलेले केस मशीननं बारीक कापले, गरम पाण्यानं दाढी केली, खोबरेल घेऊन डोक्याची निवांत मालिश केली. मिशीला नुसती कात्री दाखवली. सोमनाथ बराच वेळ आरशात बघत राहिला.

"आमचा बाप बसलाय समोर," तो म्हणाला आणि पिशवी उचलून स्टेशनाकडे निघाला.

पुंजा पायरीवर आला. गल्लीच्या तोंडाशी, रिक्षांच्या गर्दीत, चार-पाच पांढरी डोकी चालली होती. त्यातला सोमा कुठला, ते त्याला चटकन ओळखता आलं नाही.