तात्यांनी दिलेला ढाळ

धायरीतल्या माझ्या गॅरेजात आलेली पहिली ऑटोमॅटिक गाडी माझ्या आजोबांचीच होती. तात्याराव, निवृत्त कॉन्ट्रॅक्टर. गुडघा बदलल्यावर क्लच सुटला म्हणून ही घेतली. रिव्हर्स टाकला की ती असा झटका देई, की मागच्या सीटवरची भाजीची पिशवी पुढे येऊन बसे. एका मोठ्या वर्कशॉपनं अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणून सांगितलं. तात्यांनी चौकात जाहीर करून टाकलं, "आमची उत्कर्षा करंल." म्हणजे जमलं नसतं तर बातमी माझ्याआधी घरी पोचली असती.

साक्षीला ते मित्राला, रंगरावांना घेऊन आले. रंगरावांनी थेट बॉनेटमध्ये डोकं घातलं.

"गिअरचं तेल बघायची काडी कुठं हाय?"

"या गाडीला काडी नसते, आजोबा."

"म्हणून तर तुला आणलाय," तात्या म्हणाले. "काडी करायला."

मी समजावलं. गाडी सपाट उभी हवी, इंजिन चालू, तेल कोमट. मग गिअरबॉक्सखालचं छोटं बूच उघडायचं. थेंबही आला नाही तर तेल कमी. भळाभळा आलं तर जास्त. बारीक धार लागली की बरोबर.

"म्हणजे काडीऐवजी भोक," रंगराव म्हणाले. कंपनीच्या पुस्तकाला यासाठी चार पानं लागली आहेत.

गाडी तापून आली होती, थांबावं लागलं. रंगराव अधूनमधून बॉनेटला हात लावून "अजून अंग गरम हाय" असं कळवत होते.

"एवढी काळजी बायकोची केली असतीस," तात्या म्हणाले.

स्कॅनरवर तेलाचं तापमान बरोबर दिसल्यावर इंजिन चालू केलं. तात्यांनी ब्रेक दाबून सगळे गिअर फिरवले. मी गाडीखालच्या खड्ड्यात उतरले आणि बूच उघडलं. तेल भळाभळा आलं.

"जास्त झालंय!" वरून रंगराव. "काढ, काढ!"

मी बूच परत लावलं. असा झटका तेल कमी असल्यावर येतो. मग एवढं आलं कुठून? खड्ड्यातून वर बघितलं, तर गाडीचं नाक मला जरा खाली वाटलं.

"तात्या, फरशीला उतार आहे."

तात्यांनी इंजिन बंद केलं. निम्मी धायरी त्यांनी बांधली आहे. ही फरशीसुद्धा.

"उतार न्हाई. ढाळ हाय. उतार होतो, ढाळ देतात."

"बरं, ढाळ. कशाला दिला?"

"पाणी रस्त्याकडं जायला."

"तेलही तिकडंच निघालंय. सगळं बुचाकडे गोळा झालंय."

तात्यांनी घरून गवंड्याची लेव्हलची नळी मागवली. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एकेक टोक धरून दोघे म्हातारे गाडीच्या पुढेमागे उभे राहिले, अंतरपाट धरल्यासारखे. नवरीच्या जागी सिडान.

"पुढं चार बोटं खाली," रंगराव आनंदानं म्हणाले.

"मोजूनच दिला होता," तात्या.

पुढच्या चाकांखाली सेंट्रिंगच्या फळ्या घातल्या. इंजिन चालू. मी पुन्हा बूच उघडलं. थेंब नाही.

"आता कुठं गेलं?"

"कमीच होतं, आजोबा. मगाशी काढलं असतं तर गिअरबॉक्स गेला असता."

रंगराव एकदम नळी गुंडाळायला लागले. मी त्याच भोकातून पंपानं तेल भरत गेले. मग शेवयीसारखी बारीक धार लागली. बूच घट्ट केलं.

गाडी फळ्यांवरून उतरवून तात्यांनी रिव्हर्स टाकला. काहीच झालं नाही. एखादी गोष्ट न होण्याचा इतका अभिमान मला आयुष्यात वाटला नव्हता. त्यांनी पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे.

"झटका कुठाय?" रंगराव हिरमुसले.

तात्यांनी काच खाली केली. "मी ढाळ दिला होता, म्हणून तुला शिकायला मिळालं."

हे त्यांचं अभिनंदन. मी तोंड सरळ ठेवून स्वीकारलं.

मग गाडी रस्त्यावर काढून ते चौकापर्यंत रिव्हर्समध्येच गेले. मागे रंगराव "येऊ द्या, येऊ द्या" करत रिक्षा अडवत होते. लोक शिव्या देत होते आणि तात्या प्रत्येकाला थांबून सांगत होते, "झटका बसला का? न्हाई ना? नातीनं केलीय."