माणूस लागेल का?

अश्लेषाच्या कॉलेजात शिरलं की समोरच्या भिंतीवर काचेची भलीमोठी पाटी दिसते. वर अरबी, खाली इंग्रजी. आमच्या संगणक विद्यालयाचं ध्येय काय, आमची मूल्यं कोणती, ते सगळं त्यावर लिहिलंय: प्रामाणिकपणा, नवी दृष्टी, उद्योगांशी नातं, समाजाची सेवा. मला त्या पाटीचा पहिल्यापासून राग येतो. एवढं चांगलं वागायचं असेल तर वागा की, भिंतीवर कशाला टांगता, असं मी एकदा ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, तुझं मत तुझ्यापाशी ठेव, पोरीला शिकू दे.

हे म्हणजे माझा नवरा, बाळकृष्ण. इथे मस्कतजवळ रुसैलच्या एका कंपनीत ट्रान्स्पोर्ट को-ऑर्डिनेटर. कामगारांच्या कॅम्पवरून कारखान्यांकडे बस सुटतात. कोणी कुठल्या बसमध्ये बसायचं, कोणाच्या जागी कोणाला पाठवायचं, ते हे ठरवतात. पहाटेच ह्यांचा फोन सुरू होतो. कोणाला ताप भरलेला असतो, कोणाची पाठ धरलेली असते. एखादा नुसता कंटाळलेला असतो, त्याला हे दोन शिव्या हासडून बसमध्ये बसवतात. खरा आजारी असेल त्याला क्लिनिकमध्ये पाठवतात, त्याच्या जागी दुसरा उभा करतात आणि त्याची गैरहजेरी लागू देत नाहीत. रायगडकडचा नुमान म्हणून एक वेल्डर आहे. अंगात कसकस आहे, एवढंच तो म्हणाला होता. ह्यांना त्याचा आवाज बरा वाटला नाही, म्हणून ह्यांनी गाडी पाठवली, आणि निघालं ते हृदयाचं दुखणं. आजही तो ईदला शीरखुर्मा घेऊन येतो.

अश्लेषाच्या कॉलेजचा नियम असा, की शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट खऱ्या कंपनीच्या खऱ्या अडचणीवर करायचा. तेच ते, उद्योगांशी नातं. बाकीच्या पोरांच्या मामा-काकांच्या कंपन्या. आमचं कोण आहे इथे? शेवटी हे स्वतःच मॅनेजर शाहबाजसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, माझ्या मुलीला माझंच काम द्या प्रोजेक्टला. केवढा अभिमान होता त्यांना. घरी येऊन मला अशा थाटात सांगितलं, जसं काही तिचं लग्नच ठरवून आले.

मग कित्येक महिने आमच्या अल खौदच्या घरात बापलेक जेवणाच्या टेबलावर डोक्याला डोकं लावून बसायचे. ती इंग्रजीत विचारायची, हे मराठीत सांगायचे, ती टाइप करायची. कोणाला कुठल्या बसमध्ये बसवायचं ते संगणकानेच ठरवायचं, असा तिचा प्रोग्रॅम होता. मस्कतात जन्मलेली पोर, मराठी बोलताना दर तिसऱ्या शब्दाला अडखळते. एरवी बापाशी तिचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’ आणि ‘हो’, एवढंच. आता ती ह्यांना सोडत नव्हती. मी त्यांना चहा करून द्यायची आणि मनातून सुखावायची.

प्रेझेंटेशन जवळ आलं तेव्हा शाहबाजसाहेबांनी ह्यांना केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नाही, पण वरून हुकूम आला की पाळणारा. मुलीचा प्रोग्रॅम आपोआप चालत असेल तर को-ऑर्डिनेटरची जागा बंद करायची, असं वरच्यांचं ठरलंय म्हणाले. मी प्रेझेंटेशनला येणारच आहे, तिथेच बघू, माणूस लागतो की नाही.

ह्यांची नोकरी गेली की आम्हा तिघांचाही इथला मुक्काम संपला. आमचे व्हिसे ह्यांच्या नोकरीवर उभे आहेत. ह्या वयात ह्यांना दुसरीकडे कोण घेणार? आणि अश्लेषाने जायचं कुठे? आमच्या गावी, देवरुखला, तिने उभ्या आयुष्यात सुट्टीपलीकडे काही पाहिलेलं नाही. मी रडले, भांडले. ह्यांनी मला शपथ घातली, की प्रेझेंटेशन होईपर्यंत पोरीला काही कळता कामा नये, तिचं चित्त उडेल. मी म्हटलं, ठीक, नाही सांगत. पण तुम्हाला विचारलं तर उभं राहून सांगायचं, माणूस लागतो म्हणून. त्यात खोटं काय आहे? हे म्हणाले, बघू.

प्रेझेंटेशनला हॉल भरला होता. अश्लेषाने निळा ड्रेस घातला होता. पडद्यावर बस भरत होत्या, नावं इकडून तिकडे सरकत होती, एकाच्या जागी दुसरा आपसूक येत होता. ह्यांचं काम माझ्या डोळ्यांसमोर कोणीही हात न लावता होत होतं. 

एका ठिकाणी मात्र प्रोग्रॅम थांबायचा. कामगाराने ‘आजारी’ असं बटण दाबलं की को-ऑर्डिनेटर मंजुरी देईपर्यंत पुढे सरकायचा नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच पकडलं. हे असं मध्येच का थांबतं? ती म्हणाली, माणूस आजारी आहे की नाही हे माणसाने ठरवावं. ते म्हणाले, हे उत्तर नाही, ही पळवाट आहे. तुला नियम बसवता आला नसेल तर तसं कबूल कर, अर्धवट प्रोजेक्टला अर्धेच मार्क मिळतात. तिने कॉलेजच्या मूल्यांचं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर ते म्हणाले, ती मूल्यं भिंतीवर आहेत, मी प्रोग्रॅमबद्दल विचारतोय. दोन-चार पोरं हसली.

 अश्लेषाने थेट ह्यांच्याकडे पाहिलं. लहानपणी शाळेच्या दारात सोडताना बघायची, तसंच.

परीक्षक शाहबाजसाहेबांकडे वळले, की कंपनीचं म्हणणं काय? साहेबांनी खुर्ची मागे वळवली.

“बालकृष्णभाई, काम आपका है, आप ही बोलो. इसमें आदमी लगेगा क्या?”

मी ह्यांना कोपर मारलं. हे उभे राहिले, शर्ट खाली ओढला.

“नहीं लगेगा सर,” हे म्हणाले. “बेटी ने सब बराबर बनाया है. वो रुकने वाला मैंने ही डालने को बोला था, मेरी पुरानी आदत. निकाल दो तो भी चलेगा. मैं तो खाली ओके दबाता है.”

खाली ओके दबाता है. जो माणूस इतकी वर्षं पहाटे उठून परक्यांच्या पोरांचे आवाज कान देऊन ऐकत आला, तो म्हणाला, मी नुसतं ओके दाबतो. मला त्या भरल्या हॉलमध्ये ओरडावंसं वाटलं. साहेबांनी ते परीक्षकांना इंग्रजीत सांगितलं. परीक्षकांचा चेहरा निवळला. मग ही विद्यार्थिनीची चूक नाही, असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी खोडून नवीन लिहिलं. साहेब शेजारच्याला सांगत होते, आजारी म्हटलं की सरळ गैरहजेरी लावायची, क्लिनिकचा कागद आणला तर नंतर बघता येईल. टाळ्या पडल्या. ह्यांनीही वाजवल्या. मला नुमान आठवला. त्याच्याकडे त्या पहाटे कसला आला होता कागद?

अश्लेषाला पहिला नंबर मिळाला. त्या काचेच्या पाटीखाली डीनसाहेबांनी तिच्यासोबत फोटो काढला. ती फोटोत हसली नाही. दमली असेल, असं मला वाटलं.

पार्किंगमध्ये शाहबाजसाहेबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. महिनाअखेरपर्यंत काम बघा, म्हणाले, पुढे इन्शाल्ला कुठेतरी बघू. इथे कोण कुठल्या सुरात इन्शाल्ला म्हणतो, त्यावरून काय ते समजतं; साहेबांचा सूर ‘नाही’चा होता. हे ‘थँक यू सर’ म्हणाले. वर थँक यू!

गाडीत मी पुढे बसले, अश्लेषा मागे.  आता तिला कसं सांगायचं, ह्याची मी मनात जुळवाजुळव करत होते. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तीच बोलली.

“बाबा, शाहबाज सरांचा ईमेल मला पण आला होता. लास्ट मंथ. फुल्ली ऑटोमॅटिक झालं तर तुझी पोस्ट क्लोज करणार म्हणून.”

ह्यांनी आरशातून मागे पाहिलं.

“म्हणून मी ते अप्रूवल ठेवलं,” ती म्हणाली. तिला मराठी शब्द सापडत नव्हते. “मला रूल लिहिता येत होता. इझी होतं. मी मुद्दाम नाही लिहिला. तू फक्त हो म्हणायचं होतंस, बाबा. लागतो माणूस, एवढंच. मी तुझ्याकडे बघितलं ना.”

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, तरी ह्यांनी गाडी हलवली नाही.

“मला वाटलं,” हे म्हणाले, “तुला ते जमलं नाही.”